वाचकांचे प्रश्न : कॅप्टन वॉकर, अडलेली बढती आणि पाणबुड्यांची शिकार

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश नौदल अधिकारी कॅप्टन फ्रेडरिक जॉन वॉकर यांच्याबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. पाणबुड्यांचा माग काढण्यात त्यांचा हात धरणारा अधिकारी रॉयल नेव्हीत दुसरा नव्हता. तरीही युद्धाआधी त्यांची बढती अडली होती, आणि निम्म्या पत्रांत हाच मुद्दा आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : इतका कर्तबगार अधिकारी बढतीत मागे कसा पडला? त्यांच्यावर काही ठपका होता का?

ठपका लागायची गरजच नव्हती. रॉयल नेव्हीची बढतीची पद्धत समजून घेतली की याचा उलगडा होतो. लेफ्टनंट म्हणून आठ वर्षं भरली की लेफ्टनंट-कमांडर हा हुद्दा आपोआप मिळे. खरी चाळणी त्यापुढे लागायची. कमांडर आणि नंतर कॅप्टन होण्यासाठी निवड व्हावी लागे, आणि या निवडीच्या याद्या वर्षातून दोनदा निघत, जूनअखेर आणि डिसेंबरअखेर. त्या हुद्द्यावर ठरावीक वर्षं झालेल्यांचाच विचार होई. ती मुदत उलटून गेली की नाव मागे पडलं ते पडलंच. कॅप्टन झाल्यावर मात्र पुढचा प्रवास सेवाज्येष्ठतेनं होई. त्यामुळे कमांडरवरून कॅप्टन ही पायरी म्हणजे सगळ्या नोकरीचा उंबरठा होता.

आता वॉकर यांची वाटचाल पाहा. जन्म ३ जून १८९६, प्लिमथ. १९०९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ते नौदलात आले आणि ऑस्बर्न व डार्टमथ इथल्या नौदल विद्यालयांत शिकले. पहिल्या महायुद्धात आधी ‘एजॅक्स’ या युद्धनौकेवर होते, मग ‘मर्मेड’ आणि ‘सार्पीडन’ या विनाशिकांवर. पुढे त्यांनी पाणबुडीविरोधी युद्ध हा विषय घेतला. या विद्येचं केंद्र होतं पोर्टलंड इथली ‘एचएमएस ऑस्प्रे’ ही किनाऱ्यावरची शाळा. १९३३ मध्ये त्यांना एका विनाशिकेचं नेतृत्व मिळालं. तिचं नाव ‘शिकारी’, आपल्याकडचाच शब्द! त्यानंतर चीनच्या समुद्रात ‘फाल्मथ’ हे स्लूप (छोटं रक्षक युद्धजहाज) सांभाळलं आणि १९३७ मध्ये पुन्हा ‘ऑस्प्रे’वर प्रयोग विभागात आले.

त्या काळी नाव कमवायची जागा म्हणजे मोठ्या युद्धनौका आणि त्यांच्या तोफा. पाणबुडीविरोधी शाखा आडबाजूची समजली जाई. पाण्याखालची पाणबुडी हुडकणारं अ‍ॅस्डिक नावाचं ध्वनियंत्र आलंय, तेव्हा पाणबुडीचा प्रश्न मिटल्यातच जमा आहे, असा समज वरच्या वर्तुळात रुजला होता. प्रश्न मिटलाच असेल, तर त्यात आयुष्य घालवणाऱ्याला कोण वर चढवणार? वॉकर कमांडरच राहिले. हा दोष त्यांच्या गुणांचा नव्हता. शांततेच्या काळात मोजायची फूटपट्टीच चुकीची होती, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : युद्ध सुरू झाल्यावर त्यांना लगेच समुद्रावर पाठवलं असेल ना?

नाही. दोन वर्षं गेली. १९४० मध्ये ते डोव्हर इथे व्हाइस-अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅमझी यांच्या हाताखाली कार्यवाही विभागात होते. २६ मे ते ४ जून या काळात डंकर्कहून ३ लाख ३८ हजारांवर सैनिक परत आणले गेले, त्या कामात त्यांचा वाटा होता. पाणबुडीतज्ज्ञाला मात्र जहाज मिळालं ते ऑक्टोबर १९४१ मध्ये : ‘स्टॉर्क’ हे स्लूप आणि त्याच्यासोबत ३६व्या रक्षक गटाचं नेतृत्व.

या गटात ‘स्टॉर्क’ आणि ‘डेप्टफर्ड’ ही दोन स्लूप होती. बाकीची फ्लॉवर वर्गातली कॉर्व्हेट, म्हणजे आणखी लहान रक्षक जहाजं. कॉर्व्हेटचा वेग सुमारे १६ नॉट (तासाला १६ सागरी मैल) आणि जर्मन सातव्या प्रकारच्या पाणबुडीचा पाण्यावरचा वेग सुमारे १७. म्हणजे रात्री पाणबुडी वर येऊन पळू लागली, तर कॉर्व्हेटनं नुसतं बघत राहायचं. पाणबुडी पाण्याखाली गेली की तिचा वेग निम्म्याहून कमी होई. त्यामुळे तिला आधी पाण्याखाली दडपायचं आणि मग गाठायचं, हा क्रम रक्षक जहाजांच्या इंजिनानंच ठरवून टाकला होता.

प्रश्न : एचजी ७६ या काफिल्याची लढाई जिंकली असं म्हणतात, पण त्यात विमानवाहू जहाजही बुडालं. मग विजय कसला?

प्रश्न रास्त आहे. १४ डिसेंबर १९४१ रोजी ३२ व्यापारी जहाजांचा हा काफिला जिब्राल्टरहून ब्रिटनकडे निघाला. आठवडाभर पाणबुड्या त्याच्या मागावर होत्या. हिशोब असा : जर्मनांच्या पाच पाणबुड्या गेल्या, ब्रिटिशांची दोन व्यापारी जहाजं, ‘स्टॅन्ली’ ही विनाशिका आणि ‘ऑडॅसिटी’ हे रक्षणासाठीचं छोटं विमानवाहू जहाज. काफिल्याचं काम माल पोचवणं, आणि ३२ पैकी ३० जहाजं पोचली. त्या अर्थी विजय खराच.

पण ‘ऑडॅसिटी’ कशी गेली ते नीट पाहिलं पाहिजे. २१ डिसेंबरच्या रात्री ती काफिल्याबाहेर, उजव्या बाजूला, एकटी फिरत होती. तिला द्यायला वॉकर यांच्याकडे मोकळं रक्षक जहाज नव्हतं आणि तिचा कप्तान सेवेत त्यांच्याहून ज्येष्ठ असल्यानं हुकूम देणंही अवघड होतं. त्यातच एका व्यापारी जहाजानं गोंधळात प्रकाशगोळा उडवला. त्या उजेडात ‘ऑडॅसिटी’ची आकृती स्पष्ट दिसली आणि यू-७५१ या जर्मन पाणबुडीनं तिला टॉर्पेडो मारला. प्रकाशगोळा शत्रूला दाखवतो तसाच आपल्यालाही दाखवतो. तो कोणी, कधी उडवायचा याची शिस्त किती महत्त्वाची, हे त्या रात्रीनं शिकवलं.

आता त्याआधीच्या, १९ डिसेंबरच्या पहाटेचं. ‘स्टॅन्ली’वर टॉर्पेडो बसताच वॉकर यांनी ‘बटरकप’ हा ठरवून ठेवलेला डाव लावला : सगळ्या रक्षक जहाजांनी बाहेरच्या अंगाला वळायचं, आकाशात प्रकाशगोळे सोडायचे आणि पाणबुडीला खाली दडपायचं. यू-५७४ सापडली. डेप्थ चार्जच्या (ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या पाण्याखालच्या बॉम्बच्या) माऱ्यानं ती वर आली आणि ‘स्टॉर्क’च्या पुढ्यातच गोल गोल वळत पळू लागली. तिचा वेग ‘स्टॉर्क’पेक्षा जेमतेम दोन-तीन नॉटनं कमी, पण वळण आतलं. जहाजानं तीन पूर्ण चकरा मारल्या. पाणबुडी इतकी जवळ होती की तोफांची तोंडं तेवढी खाली वाकेनात. शेवटी ब्रिजवरून मशिनगननं गोळ्या झाडत ‘स्टॉर्क’नं तिला थेट धडक दिली.

धडकेची किंमतही मोजावी लागते. ‘स्टॉर्क’ची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाकली आणि तळाचा अ‍ॅस्डिकचा घुमट निखळला. म्हणजे पाणबुडी गेली, पण गटाच्या प्रमुखाचं जहाजही बहिरं झालं. धडक हा नेहमीचा उपाय का नव्हता, त्याचं हे कारण.

प्रश्न : ‘बटरकप’ पुढे बंद का केला? तो यशस्वी झाला होता ना?

यशस्वी झाला, पण चुकीच्या कारणानं. १९४२ च्या सुरुवातीला लिव्हरपूलमध्ये डर्बी हाउस इथे डावपेचांचं एक प्रशिक्षण पथक उभं राहिलं. त्याचे प्रमुख कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स. क्षयामुळे नौदलातून निवृत्त झालेला हा अधिकारी युद्धामुळे परत आला होता. मोठ्या खोलीच्या फरशीवर खडूनं समुद्र आखायचा, महिला नौदलातल्या तरुणींनी पाणबुड्या आणि जहाजांच्या खुणा सरकवायच्या आणि अधिकाऱ्यांना पडद्यामागे बसवून फक्त समुद्रावर दिसेल तेवढंच दाखवायचं, अशी रीत. एचजी ७६ ची रात्र तिथे पुन्हा मांडली, तेव्हा लक्षात आलं की पाणबुडी बाहेरून टॉर्पेडो मारत नाही. ती मागून काफिल्यात शिरते, जहाजांच्या रांगांमधून मारा करते आणि मग खाली बसून काफिला पुढे जाऊ देते. ‘बटरकप’ जहाजांना बाहेर पाठवायचा. यू-५७४ सापडली ती त्या पहाटे ती बाहेरच्या अंगाला होती म्हणून. त्यामुळे नवा डाव, ‘रास्पबेरी’, आखला गेला. त्यात शोध काफिल्याच्या मागच्या बाजूकडे वळवला होता. पुढे जवळपास ५ हजार अधिकारी या फरशीवर शिकून गेले.

प्रश्न : वॉकर यांचा ‘क्रीपिंग अटॅक’ (दबकत केलेला हल्ला) म्हणजे नेमकं काय? सरळ पाणबुडीवर जाऊन डेप्थ चार्ज टाकण्यात काय अडचण होती?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, म्हणून आकड्यांनिशी सांगतो.

अ‍ॅस्डिक पाण्यात आवाजाचा ठोका सोडतं आणि पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतं. पण त्याचा झोत पुढे जातो, थेट खाली नाही. जहाज जवळ गेलं की खोल असलेली पाणबुडी झोताच्या खालून निसटते. ढोबळ हिशोब असा की खोलीच्या साधारण तिप्पट अंतरावर संपर्क तुटतो. पाणबुडी २०० मीटर खोल असेल, तर सुमारे ६०० मीटर आधीच जहाज आंधळं होतं. १५ नॉट वेगानं हे अंतर कापायला सव्वा मिनिटाहून थोडा जास्त वेळ, म्हणजे सुमारे ७८ सेकंद लागतात. त्यानंतर डेप्थ चार्ज सेकंदाला साधारण ३ मीटर या गतीनं बुडतो. २०० मीटरला आणखी ६५-७० सेकंद. एकूण जवळपास अडीच मिनिटं आपण अंदाजावर चाललोय. तेवढ्यात ४ नॉटनं जाणारी पाणबुडी ३०० मीटर सरकते. आणि सुमारे १३२ किलो स्फोटकाचा नेहमीचा डेप्थ चार्ज पाणबुडीचं कवच फोडायला ६-७ मीटरच्या आत फुटावा लागे!

त्यात भर म्हणजे पाणबुडीतल्या लोकांना सगळं ऐकू येत असे. जहाजानं वेग वाढवला की पंख्यांचा (प्रोपेलरचा) आवाज बदलतो, ठोके जवळ येतात. कप्तान तेवढ्यात सुकाणू पूर्ण वळवून बाजूला निघतो.

वॉकर यांनी काम दोन जहाजांत वाटलं. एक जहाज ‘दिग्दर्शक’ : ते पाणबुडीच्या मागे साधारण १,००० यार्डांवर राहून अ‍ॅस्डिकनं संपर्क धरून ठेवतं. जवळ जातच नाही, म्हणून संपर्क तुटत नाही. दुसरं जहाज ‘मारेकरी’ : ते आपलं अ‍ॅस्डिक बंद ठेवतं आणि सुमारे ५ नॉटच्या संथ चालीनं पाणबुडीच्या माथ्यावरून जातं. पंख्यांचा आवाज इतका कमी की खालच्यांना फक्त लांबचे, सारखेच ठोके ऐकू येतात. त्यांना वाटतं, शत्रू अजून दूर आहे. दिग्दर्शक जहाज पाणबुडीचं अंतर अ‍ॅस्डिकनं आणि मारेकऱ्याचं अंतर दुर्बिणीच्या मापकानं मोजतं आणि रेडिओवरून दिशा सांगत राहतं : थोडं डावीकडे, आता सरळ. मारेकरी पाणबुडीच्या पुढे गेला की हुकूम येतो आणि ओळीनं २६ डेप्थ चार्ज पाण्यात जातात. डेप्थ चार्ज फुटायची खोली सहसा १५० आणि २२५ मीटर.

पुढे किती जायचं, हीच खुबी. पाणबुडी ३ नॉटनं म्हणजे सेकंदाला दीड मीटर चालली असेल, तर डेप्थ चार्ज खाली पोचेपर्यंत ती १०० मीटर पुढे येते. पहिला डेप्थ चार्ज तेवढा पुढे पडायला हवा. मग पाणबुडी स्वतःच्या पायांनी स्फोटांच्या रांगेत चालत येते.

चुका कुठे होतात? एक : मारेकरी संथ असल्यानं वारा आणि लाट त्याला ओळीबाहेर ढकलतात, दिग्दर्शकानं सतत दुरुस्ती दिली नाही, तर सगळी रांग फुकट. दोन : पाणबुडी उथळ असेल, तर हा डाव लावायचाच नाही. १५ मीटरवर लावलेला डेप्थ चार्ज पाच सेकंदांत फुटतो. ५ नॉटनं जाणारं जहाज तोवर जेमतेम १३ मीटर पुढे गेलेलं असतं. स्वतःचंच मागचं टोक उडेल. तीन, आणि यात अनेकांची गणना चुकते : साठा. ब्लॅक स्वान वर्गाच्या स्लूपवर सुमारे ११० डेप्थ चार्ज असत. २६ चा एक हल्ला धरला, तर चार हल्ल्यांत कोठी रिकामी. म्हणून गटातली जहाजं आळीपाळीनं मारेकरी होत. (याच ब्लॅक स्वान वर्गाची जहाजं तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीकडेही होती, ‘सतलज’, ‘जमुना’, ‘गोदावरी’, ‘कावेरी’ ही त्यांतली नावं.)

या संथ चालीचा आणखी एक फायदा पुढे झाला. सप्टेंबर १९४३ पासून जर्मनांनी जहाजाच्या पंख्यांच्या आवाजावर जाणारा टॉर्पेडो आणला. ५ नॉटनं चालणाऱ्या जहाजाचा आवाज त्याला नीट सापडत नसे.

प्रश्न : रक्षक गट आणि साहाय्य गट यांत फरक काय?

रक्षक गटाचं बोट काफिल्याशी बांधलेलं असतं. पाणबुडी सापडली तरी तास-दोन तासांत तिला सोडून परत यावं लागतं, नाहीतर व्यापारी जहाजं उघडी पडतात. जर्मन कप्तानांना हे पक्कं ठाऊक होतं. खोल बसायचं आणि रक्षक निघून जायची वाट पाहायची. साहाय्य गटावर ते बंधन नव्हतं.

१९४३ मध्ये वॉकर यांच्याकडे दुसरा साहाय्य गट आला : ‘स्टार्लिंग’वर ते स्वतः, आणि सोबत ‘वाइल्ड गूस’, ‘सिग्नेट’, ‘रेन’, ‘वुडपेकर’ आणि ‘काइट’. १ जूनला यू-२०२ सापडली. ती डेप्थ चार्जच्या आवाक्याखाली गेली, तेव्हा वॉकर यांनी मारा आवरता घेतला आणि नुसते वर थांबले. पाण्याखालच्या पाणबुडीची बॅटरी आणि हवा मोजकीच असते. सुमारे १५ तासांनी, मध्यरात्र उलटताच, ती वर आली आणि तोफांच्या माऱ्यात बुडाली. रक्षक गटाला हे १५ तास कधीच मिळाले नसते.

प्रश्न : त्यांच्या नावावर नेमक्या किती पाणबुड्या? कुठे एक आकडा दिसतो, कुठे दुसरा.

सुमारे २० हा आकडा सर्वसाधारणपणे मानला जातो. फरक पडतो तो कशाला ‘त्यांची’ म्हणायचं यावर. उदाहरणार्थ, ३० जुलै १९४३ ला बिस्केच्या उपसागरात तीन पाणबुड्या एकत्र सापडल्या. यू-५०४ स्लूपांनी बुडवली. यू-४६२ च्या अंतात विमान आणि स्लूपांच्या तोफा दोन्हींचा हात. यू-४६१ मात्र एका संडरलंड विमानानं बुडवली. योगायोग असा की ते विमान ४६१व्या स्क्वाड्रनचं आणि त्याचं ओळख-अक्षर ‘यू’! तिन्ही मोजायच्या की एकच, यावर आकडा हलतो. वादातीत कामगिरी हवी असेल, तर ३१ जानेवारी ते १९ फेब्रुवारी १९४४ : एकाच सफरीत गटानं सहा पाणबुड्या बुडवल्या, त्यांतल्या तीन ८ आणि ९ फेब्रुवारीला. परत येताना ‘वुडपेकर’चं मागचं टोक टॉर्पेडोनं उडालं आणि ओढून नेताना ती आठवड्यानं बुडाली.

प्रश्न : ते युद्धात मारले गेले का?

शत्रूच्या हातून नाही. नॉर्मंडीत सैन्य उतरवलं त्या वेळी त्यांचा गट इंग्लिश खाडीच्या पश्चिम तोंडावर पाणबुड्या अडवत होता. त्यानंतर ९ जुलै १९४४ रोजी मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ होऊन लिव्हरपूलजवळ सीफोर्थ इथल्या नौदल रुग्णालयात त्यांचं निधन झालं. वय ४८. सततच्या जागरणांनी आणि ताणानं हा माणूस झिजला, असं त्यांच्याबरोबरचे लोक मानत आणि ते खोटं वाटत नाही. वर्षभरापूर्वी, ऑगस्ट १९४३ मध्ये, त्यांचा मुलगा टिमथी भूमध्य समुद्रात ‘पार्थियन’ या ब्रिटिश पाणबुडीसोबत बेपत्ता झाला होता. बाप पाणबुड्या बुडवत होता आणि मुलगा पाणबुडीत गेला. लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाली आणि ‘हेस्पेरस’ या विनाशिकेवरून त्यांना समुद्रात निरोप दिला गेला.

प्रश्न : अशा एखाद्या ब्रिटिश अधिकाऱ्याची कारकीर्द कागदपत्रांतून शोधायची असेल, तर कुठून सुरू करावं?

नेव्ही लिस्टपासून, म्हणजे नौदल अधिकाऱ्यांच्या अधिकृत छापील यादीपासून. त्यात अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, ज्येष्ठतेची तारीख आणि जहाज मिळतं. पण एक खड्डा सांभाळा : ‘एचएमएस’ लिहिलंय म्हणजे जहाजच असेल असं नाही. नौदलाच्या शिस्तीसाठी प्रत्येक जण कुठल्या तरी जहाजाच्या पटावर असावा लागे, म्हणून किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजाची नावं देत. ‘ऑस्प्रे’ म्हणजे पोर्टलंडची पाणबुडीविरोधी शाळा, ‘किंग आल्फ्रेड’ म्हणजे होव्हचं राखीव अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र, ‘प्रेसिडेंट’ म्हणजे बहुधा लंडनमधली कचेरी. ‘प्रेसिडेंट’वर दोन वर्षं असलेला अधिकारी अटलांटिकमध्ये होता असं लिहून टाकल्याच्या चुका छापील मजकुरातही दिसतात.

मग बाहीवरच्या पट्ट्या. सरळ पट्ट्या म्हणजे कायम नौदलातला अधिकारी, दोरासारख्या गुंफलेल्या म्हणजे व्यापारी जहाजांवरून आलेला राखीव, नागमोडी म्हणजे युद्धासाठी भरती झालेला स्वयंसेवक. जुना फोटो हाती असेल, तर आधी हे पाहा; कुठल्या यादीत शोधायचं ते तिथेच ठरतं.

सन्मान ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापले जात. तिथे तारीख घटनेची नसून जाहीर झाल्याची असते. दोघींत काही महिन्यांचं अंतर पडतं आणि गुप्ततेपायी मजकूर मोघम असतो. वॉकर यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा सन्मान चार वेळा मिळाला. कागदावर तो ‘डीएसओ आणि तीन बार’ असा दिसतो. बार म्हणजे तोच सन्मान पुन्हा, त्यामुळे बार तीन तर सन्मान चार.

पुढची पायरी लंडनमधल्या क्यू इथलं राष्ट्रीय अभिलेखागार. अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी ‘एडीएम १९६’ या मालिकेत. जहाजांच्या लॉगबुका ‘एडीएम ५३’ मध्ये, पण स्लूप आणि कॉर्व्हेटसारख्या लहान जहाजांच्या युद्धकाळातल्या बहुतेक लॉगबुका जपल्या गेल्या नाहीत. तिथे वेळ घालवू नका. त्याऐवजी ‘एडीएम १९९’ मधले कार्यवाही-अहवाल मागवा. गटप्रमुखानं किनाऱ्याला लागल्यावर स्वतः लिहिलेला वृत्तान्त त्यात असतो, बहुतेकदा वेळांसकट. मागवताना अधिकाऱ्याच्या नावानं शोधू नका. काफिल्याचा क्रमांक किंवा पाणबुडीचा क्रमांक आणि महिना घाला, फाइल लवकर हाती लागते.